'आंबटच लागतंय की!' – लिंबू, आरमार आणि कूटच्या वेढ्यातले मराठे

एप्रिल २०२२ आठवतोय? लिंबू एकेक नग दहा रुपयांना गेलं होतं, काही ठिकाणी पंधरालाही. आमच्या नाक्यावरच्या पोहेवाल्याने बशीत लिंबाची फोड देणं बंद केलं आणि टेबलावर एक बाटली आणून ठेवली. झाकणाला भोक पाडलेलं, आत लिंबूसत्त्वाचं पाणी. मी नाक मुरडलं तर म्हणाला, "आंबटच लागतंय की, साहेब. फरक काय पडतो?"

त्याच्या जागी तो बरोबर होता, दहा रुपयांचं लिंबू वीस रुपयांच्या पोह्यांवर कोण पिळणार? पण ते वाक्य डोक्यात राहिलं. कारण हेच वाक्य, जरा वेगळ्या शब्दांत, जगातलं सगळ्यात बलाढ्य आरमार पन्नास-साठ वर्षं म्हणत होतं. आणि त्या चुकीची किंमत मोजणाऱ्यांत शेवटी सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरंही होती. पोस्ट लांब आहे, पण सवडीने वाचा.

सुरुवात आपल्या किनाऱ्यापासून करू. १४९८ च्या ऑक्टोबरमध्ये वास्को द गामा गोव्याच्या दक्षिणेला, कारवारसमोरच्या अंजदीव बेटावरून परत निघाला. वारे उलटे. अरबी समुद्र ओलांडायला त्याला जवळपास तीन महिने लागले. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय सुजले, अंगावर काळेनिळे डाग आले आणि त्या एका टप्प्यात तीसेक माणसं मेली. जानेवारी १४९९ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला पोचल्यावर त्यांनी आजाऱ्यांसाठी पहिल्यांदा काय मागवलं असेल, तर संत्री. म्हणजे आंबट फळं खाल्ली की हा रोग हटतो, हे खलाशांना अनुभवाने कळलं होतं. रोगाचं नाव स्कर्व्ही.

१६०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची पहिलीच सफर निघाली. जहाजं चार. कप्तान जेम्स लँकेस्टरने आपल्या जहाजावरच्या लोकांना रोज सकाळी तीन चमचे लिंबाचा रस दिला. त्याची माणसं धडधाकट राहिली. बाकीच्या तीन जहाजांवर इतके लोक आडवे झाले, की शिडं सांभाळायला लँकेस्टरची माणसं पाठवावी लागली. आता वाटेल, झालं, प्रश्न सुटला! नाही सुटला. असं ज्ञान मिळतं, विसरलं जातं, पुन्हा मिळतं. या रोगाच्या बाबतीत हे तीनशे वर्षं चाललं.

मे १७४७. 'सॅलिसबरी' नावाच्या युद्धनौकेवर जेम्स लिंड नावाचा डॉक्टर. त्याने स्कर्व्हीचे बारा रुग्ण घेतले, सगळ्यांना एकाच जागी ठेवलं, रोजचं जेवण एकच दिलं आणि दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची दारू, दुसरीला पाणी घातलेलं गंधकाम्ल, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचं पाणी, पाचवीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू, सहावीला लसूण-मोहरीची एक चाटण. सहा दिवसांत फळं संपली, पण तोवर फळं खाणाऱ्या दोघांपैकी एक कामावर हजर व्हायच्या लायक झाला होता.

या यादीत एक गोष्ट डोळ्यांसमोर असून फारशी कुणी पाहिली नाही. गंधकाम्ल आंबट आहे. व्हिनेगर आंबट आहे. दोन्ही सपशेल नापास झाले. म्हणजे लिंबाचा गुण त्याच्या आंबटपणात नाही, हे १७४७ मध्येच सिद्ध झालं होतं. पण जीभ जे सांगते त्याच्यावर माणसाचा विश्वास फार. पुढची दीडशे वर्षं बहुतेक डॉक्टर स्कर्व्हीवर 'आम्ल' हाच उपाय धरून चालले.

खुद्द लिंडनेही एक घोटाळा केला. जहाजावर ताजी फळं टिकत नाहीत म्हणून रस मंद आचेवर तासन्‌तास आटवून घट्ट पाक करायचा, असं त्याने सुचवलं. आपली आजी लिंबू फोडणीत का घालत नाही? ताटात वाढल्यावर वरून का पिळते? सालीतल्या तेलाचा वास उकळीत उडून जातो, हे तिचं कारण. पण त्या वासासोबत आणखी एक गोष्ट कमी होते, ती तिला माहीत नव्हती आणि लिंडलाही नव्हती. ते म्हणजे 'क' जीवनसत्त्व. उष्णता, हवा आणि वेळ, तिन्ही त्याचे वैरी. आटवलेल्या पाकात आंबटपणा भरपूर उरला, औषध बहुतेक गेलं.

तरी पुढे गाडं रुळावर आलं. १७९४ मध्ये 'सफोक' ही युद्धनौका इंग्लंडहून मद्रासकडे निघाली. तेवीस आठवडे मध्ये कुठे बंदर नाही. खलाशांना रोजच्या दारूत लिंबाचा रस आणि साखर घालून दिली गेली. स्कर्व्हीने एकही मेला नाही. १७९५ मध्ये गिल्बर्ट ब्लेन वगैरे डॉक्टरांच्या आग्रहाने आरमाराने हा रस सगळीकडे सुरू केला, आणि काही वर्षांत ब्रिटिश आरमारातून स्कर्व्ही जवळजवळ नाहीशी झाली. नेपोलियनच्या काळात ब्रिटिश जहाजं महिनोन्‌महिने फ्रेंच बंदरांची नाकेबंदी करून समुद्रात उभी राहू शकली, त्यात या रसाचा वाटा मोठा.

हा रस होता भूमध्य समुद्राकाठच्या लिंबांचा. पिवळं, मोठं, जाड सालीचं, ज्याला इंग्रजीत 'लेमन' म्हणतात ते. इथून पुढे नीट लक्ष द्या, कारण मराठीत आपण दोघांनाही 'लिंबू'च म्हणतो.

१८६० च्या दशकात आरमाराने लेमन सोडून 'लाइम' घ्यायला सुरुवात केली. छोटं, गोल, पातळ सालीचं, हिरवट फळ. म्हणजे जवळपास आपलं कागदी लिंबूच. कारण सरळ होतं. लेमन परक्या मुलखातून विकत आणावं लागे, लाइम वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश वसाहतींत पिकत होतं. आपल्याच मळ्यांचा माल, आपल्याच व्यापाऱ्यांचा फायदा. शिवाय लाइम जास्त आंबट! गुण जर आंबटपणात असेल तर हे उलट जास्त चांगलंच, नाही का? १८६७ च्या कायद्याने व्यापारी जहाजांवरही हा रस सक्तीचा झाला. ब्रिटिशांना 'लाइमी' हे टोपणनाव पडलं ते या लाइम ज्यूसवरूनच.

घोटाळा कसा झाला बघा. आधीच लाइममध्ये 'क' कमी. त्यात तो रस काढून, गाळून, महिनोन्‌महिने साठवून ठेवलेला. वाटेत तांब्याच्या भांड्यांचा, नळ्यांचा संपर्क. तांबं 'क' जीवनसत्त्वाचा फडशा पाडतं. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट ठेवू नये म्हणतात ते कळकतं म्हणून. पण त्या शहाणपणात हाही फायदा फुकट मिळत होता. थोडक्यात, खलाशांच्या पेल्यात जे पडत होतं ते आमच्या पोहेवाल्याच्या बाटलीतल्या पाण्यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

मग खलाशी मेले कसे नाहीत? कारण तोवर वाफेची जहाजं आली होती. सफरी आठवड्यांवर आल्या, बंदरात ताजी भाजी-फळं मिळायला लागली. औषध गेलं होतं, पण रोग व्हायला जेवढे महिने लागतात तेवढे महिने आता कुणी समुद्रात नसे. नकली औषध खऱ्याच्या नावावर खपत राहिलं. कुणाला पत्ता नाही.

पत्ता लागला तो बर्फात. १८७५ मध्ये जॉर्ज नेअर्सची आर्क्टिक मोहीम लाइम ज्यूस घेऊन गेली आणि स्कर्व्हीने इतकी बेजार झाली की १८७६ मध्ये ठरल्याआधीच परत आली. चौकशी बसली. पण 'आपला रस बदलला आहे' हा निष्कर्ष निघालाच नाही. उलट लिंबाचा उपायच संशयात आला. मग नवे सिद्धांत निघाले. कुणी म्हणे स्कर्व्ही म्हणजे खराब डबाबंद मांसातलं विष, कुणी म्हणे रक्तातलं आम्ल वाढतं. ज्या गोष्टीचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी हातात होतं, ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा कोडं झाली.

आता आपल्या माणसांकडे येऊ.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी फौज आधी उतरली ती सहावी डिव्हिजन. तिचं नावच पूना डिव्हिजन. त्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री होती, ११७ वी मराठा पलटण होती. जनरल टाउनशेंड ही फौज घेऊन बगदादच्या दिशेने गेला, टेसिफॉनला अडला, मागे फिरला आणि तैग्रिस नदीच्या वळणावर कूट-अल-अमारा या गावात शिरला. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा घातला. तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. जवळपास पाच महिने.

या वेढ्यात एक विचित्र गोष्ट घडली. अन्नशास्त्राच्या इतिहासात ती उदाहरण म्हणून राहिली. गोऱ्या सोजिरांना सुरुवातीला बेरीबेरी झाला, कारण ते मैद्याचा पांढरा पाव खात होते. आपले शिपाई कोंड्यासकटचा आटा खात होते, म्हणून त्यांना बेरीबेरी झाला नाही. मैदा संपला, गोऱ्यांनाही जवाचं-आट्याचं खावं लागलं आणि त्यांचा बेरीबेरी हटला. पण स्कर्व्ही आली ती हिंदी शिपायांना. गोरे घोड्याचं ताजं मांस खात होते आणि त्यातून त्यांना थोडंसं का होईना, 'क' मिळत होतं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी घोडा खायला नकार दिला. धर्माचा प्रश्न होता, आणि गावी कळलं तर जातीत काय होईल याची भीती. टाउनशेंडने हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने मागवली. एप्रिलमध्ये बऱ्याच जणांनी खायला सुरुवात केली, तोवर हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं आणि जुन्या जखमा भरत नव्हत्या. भाजी नाही, फळ नाही. विमानातून पिठाची पोती टाकली गेली. शेवटी जवळपास तेरा हजार लोक शरण गेले. कैदेतल्या त्या वाळवंटी पायपिटीतून हजारो परत आले नाहीत.

या हकिगतीत शिपायांच्या 'हट्टाला' दोष देणारं बरंच लिहिलं गेलं आहे. मला ते पटत नाही. प्रश्न असा विचारायला हवा, की हिंदी शिपायाच्या शिध्यात मुळात काय होतं? आटा, डाळ, तूप, मीठ, गूळ. पोट भरायला पुरेसं. पण हाच माणूस गावी काय खात होता? भाकरी, त्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा, पाल्याची भाजी, उन्हाळ्यात कैरी, जमलं तर लिंबू. गरिबाचं जेवण, पण त्यात कच्चं काहीतरी रोज होतं. पलटणीत भरती झाल्यावर पोटभर मिळालं आणि नेमकं ते 'काहीतरी' गेलं. शिधा ठरवणाऱ्याच्या हिशोबात ते कधी धरलंच नव्हतं. वेढा पडला नसता तर बाजारातून, इकडून तिकडून ते भरून निघालं असतं. अडचण आली तेव्हा शिध्यातलं भोक दिसलं.

कूटबाहेर, मेसोपोटेमियातल्या बाकी हिंदी फौजेतही स्कर्व्ही मोठ्या प्रमाणावर झाली, आणि स्कर्व्हीवरचा उपाय म्हणून सैन्याच्या कोठारात त्या काळी लाइम ज्यूसच असे. १९१७ मध्ये मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल आला. त्याने दवाखान्यांच्या आणि पुरवठ्याच्या अनागोंदीवर कडक ताशेरे ओढले. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

आणि मग लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी कामाला लागल्या. पुरुष डॉक्टर बरेचसे युद्धावर, त्यामुळे प्रयोगशाळेत मुख्यतः स्त्रिया. १९०७ मध्ये नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी दाखवलं होतं की गिनीपिगला स्कर्व्ही होते. हे मोठं नशीब. गाय, शेळी, कुत्रा, उंदीर आपल्या शरीरात 'क' बनवतात, माणूस आणि गिनीपिग बनवू शकत नाहीत. चिक यांनी गिनीपिगांवर दोन्ही रस तपासले. ताज्या लाइमची ताकद ताज्या लेमनच्या साधारण पाव निघाली, आणि साठवलेल्या लाइम ज्यूसमध्ये जवळजवळ काहीच नाही. त्यांच्याच सहकारी ॲलिस हेंडरसन स्मिथ यांनी जुनी कागदपत्रं काढून दाखवलं, की आरमाराच्या नोंदींत 'लेमन' आणि 'लाइम' हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जात होते. जुन्या रसाची पुण्याई नव्या रसाच्या खात्यावर जमा झाली होती. एका शब्दाच्या ढिसाळपणाने इतकं झालं.

याहून मला भावलेली गोष्ट पुढची आहे. त्याच काळात सिद्ध झालं की कोरड्या कडधान्यात 'क' नसतं, पण तेच भिजवून मोड आणले की तयार होतं. १९१८ मध्ये सर्बियन सैनिकांवर झालेल्या तुलनेत मोड आलेल्या कडधान्याने लिंबाच्या रसाच्या तोडीस तोड, किंबहुना सरस काम केलं. लागतं काय? कडधान्य, पाणी, एक फडकं आणि दोन दिवस.

मटकीची उसळ हो! सातारच्या कुठल्याही आईला ही करता येत होती. कोरडं कडधान्य तर पोत्यांनी पाठवता येतं, नासत नाही, वजनाला हलकं. पण शिध्याचा तक्ता करणाऱ्यांनी त्या आईला कधी विचारलं नव्हतं.

बाकीची गोष्ट थोडक्यात. हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ मध्ये एक पदार्थ वेगळा काढला, पुढे तोच 'क' जीवनसत्त्व ठरला. भरपूर साठा त्यांना लिंबातून नाही मिळाला; मिळाला तो त्यांच्या गावच्या ढोबळ्या लाल मिरचीतून. १९३७ मध्ये नोबेल. ठेच्यातली हिरवी मिरचीही याच कुळातली, आणि वजनाला वजन घेतलं तर 'क'मध्ये लिंबाच्या कितीतरी पुढे.

आता लिंबाचा हिशोब, आजच्या मोजमापाने. कागदी लिंबाच्या शंभर ग्रॅम रसात 'क' साधारण ३० मिलिग्रॅम, लेमनमध्ये ४० ते ५०. म्हणजे ताजा असेल तर फरक चिक यांना दिसला तितका मोठा नाही. एका लिंबाचा रस निघतो वीस-पंचवीस मिलिलिटर, म्हणजे सहा-सात मिलिग्रॅम. स्कर्व्ही टाळायला रोज दहा पुरतात, हे १९४४ मध्ये इंग्लंडात शेफील्डला स्वयंसेवकांवर तपासलं गेलं. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस पुरुषांना ८० आणि बायकांना ६५ मिलिग्रॅमची आहे. तेव्हा नुसत्या लिंबावर कुणी विसंबू नये. पेरू, आवळा याच्या कितीतरी पुढे आहेत. आणि लोणच्यात चव मुरते, 'क' फारसं उरत नाही.

मग लिंबाचं मोल कशात? वरण-भातावर, पिठल्यावर, पालेभाजीवर, पोह्यांवर ते जेवणाच्या क्षणी कच्चं पिळलं जातं, यात. धान्य-डाळ-भाजीतलं लोह आपल्या आतड्यात सहज शिरत नाही. त्याच घासाबरोबर 'क' असेल तर ते जास्त शोषलं जातं. सकाळी गोळी घेतली आणि दुपारी जेवलो, असं करून तो फायदा मिळत नाही, एकाच ताटात पाहिजे. पानात डाव्या बाजूला, मिठाशेजारी लिंबाची फोड वाढणाऱ्याला रसायनशास्त्र माहीत नसेल, पण जागा बरोबर होती. उलट, जेवणावर लगेच चहा घेतला तर लोह अडतं.

हे सगळं आज का सांगतोय? कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आहे, आणि पाच वर्षांखालच्या मुलांत प्रमाण त्याहूनही जास्त. सरकार आता रेशनवर आणि शाळेत लोह घातलेला पोषणयुक्त तांदूळ देतं. ठीक आहे. शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा तक्ताही आहे. प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं, ५० ग्रॅम भाजी. पण ते लोह अंगी लागायला त्याच ताटात 'क' कुठून येणार, हा प्रश्न किती शाळांच्या समित्यांत विचारला जातो? भाजी खिचडीत तासभर शिजते. मोड आलेली मटकी मेनूत असते, पण कुकरच्या चार शिट्ट्यांनंतर तिच्यात किती उरतं?

आणि लिंबू? एप्रिल २०२२ मध्ये, लिंबू दहा रुपयांना होतं तेव्हा, प्राथमिकच्या एका मुलाच्या एका दिवसाच्या जेवणाच्या सामानाला, तांदूळ सोडून, ठरलेला दर होता ४ रुपये ९७ पैसे. डाळ, तेल, भाजी, मसाला, इंधन, सगळं त्यात. म्हणजे अर्धं लिंबू. त्यानंतर दर वाढले, तरी ते अजून एक आकडीच आहेत.

म्हणून 'मुलांना रोज लिंबू द्या' अशी सोपी मागणी मी करणार नाही. मागणी दुसरी आहे. तक्ता करताना ताटात कच्चं काय आहे हा एक रकाना ठेवा. मटकी अर्धी शिजवा, अर्धी कच्ची वाढा. खिचडी उतरल्यावर वरून कोथिंबीर टाका, शिजताना नको. पेरूच्या दिवसांत पेरू, आवळ्याच्या दिवसांत आवळा. शाळेजवळ दोन-चार लिंबाची झाडं लावायला जागा असेल तर लावा. आणि हे ठरवताना स्वयंपाक करणाऱ्या ताईंना खोलीत बोलवा, नुसता तक्ता त्यांच्या हातात देऊ नका.

आमच्याकडच्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवराची छोटी फळी बसवलेली दिसते. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, इतके परत आले नाहीत. नावं नसतात, फक्त आकडा. ज्या शाळेच्या भिंतीत ही फळी आहे, त्याच शाळेच्या व्हरांड्यात दुपारी खिचडीची पंगत बसते. तुमच्या गावात अशी शाळा असेल, तर एखाद्या दुपारी जाऊन पंगतीत बसा आणि ताटात काय आहे ते बघून इथे लिहा. फोटो नको, फक्त पदार्थ लिहा.

पोहेवाल्याकडे आता पुन्हा फोड मिळते. बाटली मात्र त्याने टाकलेली नाही, उन्हाळ्यासाठी ठेवून दिली आहे.